रुईवरची आणि घोळीवरची

प्रेमा घाडीच्या माळेत किडकं पान निघालं, अशी तक्रार मुलुंडच्या मंडईत कुणी कधी केली नाही. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, आणि ती माळ प्रेमाकडून घ्यायची, हे स्टेशनपासून कॉलनीपर्यंतच्या माणसांना ठाऊक होतं. पहाटे उजेड फुटताच ती डोंगराच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत जायची. तिथं रुई माजलेली असायची. एकेक पान उलटंसुलटं करून बघायचं, भोक दिसलं की सोडायचं, आणि अख्खं, लुसलुशीत, पांढरट लव असलेलं तेवढंच खुडायचं. चिकाने बोटं काळी पडायची. आठ वाजता ती मंडईच्या कोपऱ्यावर येऊन बसायची ती दुपारपर्यंत.

ती कणकवलीजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा लवू भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल चाळीतल्या बायका आधी हळूच आणि मग मोठ्याने बोलल्या, आणि शेवटी बोलायच्या थांबल्या. प्रेमा सातवी शिकलेली, हाताला चपळ आणि डोळ्याला तिखट. लवू म्हणायचा, हिच्या नजरेतून मुंगीसुद्धा चपला लपवून जाऊ शकत नाही.

मंडईत तिच्या शेजारी शकु बसायची. शकु साताऱ्याकडची, नवरा म्युनिसिपालिटीत. ती पालेभाजी विकायची: मेथी, लाल माठ, कढीपत्ता, टाकळा, आणि पावसाळ्यात घोळ. घोळ म्हणजे ती जाडसर पानांची, आंबटसर, जमिनीवर पसरणारी भाजी. दोघी बारा वर्षं एकमेकींना चिकटून बसत होत्या आणि बारा वर्षं भांडत होत्या. दोघींपैकी एक जरी आली नाही तर दुसरीला दिवस खायला उठायचा.

पंच्याऐंशी साली अधिक श्रावण आला. म्हणजे श्रावण दोनदा. कुणी पहिला पाळला, कुणी दुसरा, आणि भित्र्या माणसांनी दोन्ही पाळले. नऊ शनिवार प्रेमाला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यातल्याच दुसऱ्या श्रावणाच्या पहिल्या शनिवारची ही गोष्ट. पाऊस उघडून ऊन पडलं होतं. प्रेमा माळ ओवत होती आणि एक भगवं फुलपाखरू तिच्या टोपलीवरून तरंगत गेलं.

प्रेमाला त्यात नवल वाटलं नाही. ही पाखरं तिच्या ओळखीची. भगवे पंख, टोकाला काळं, काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. रुईवरच ती अंडी घालतात, रुईवरच त्यांच्या अळ्या वाढतात. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या त्या अळ्या प्रेमाच्या जन्माच्या वैरिणी. तिची अर्धी पानं त्यांनीच खाल्लेली असायची. तिने कधी अळी मारली मात्र नव्हती. पानासकट बाजूच्या झुडपावर ठेवून द्यायची.

पण हे पाखरू रुईच्या टोपलीवर बसलंच नाही. ते शकुच्या टोपलीवर गेलं. घोळीच्या जुडीवर टेकलं, शेपूट खाली वळवली, क्षणभर थांबलं, पुन्हा जरा पुढे सरकून तेच केलं.

"अगो शकु, बघ," प्रेमा म्हणाली. "अंडी घालते ती. घोळीवर!"

"हुश्श!" शकुने फडकं झटकलं. "माझ्या भाजीवर घान करतीय व्हय गं! घे तुझ्या रुईवर."

पाखरू उडून गेलं. प्रेमाने जुडी उचलली. पानाच्या मागे फिकट हिरवे, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान असे गोल थेंब चिकटले होते. सहा-सात.

"ही जुडी मला दे."

"अळ्यांसाठी? येडी का खुळी तू?"

"दे म्हणते ना."

तेवढ्यात चंद्रप्रकाश भालेराव आले. हे शकुचं कायमचं गिऱ्हाईक. टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करायचे. दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून डोंगरावर जायचे आणि पाखरं बघायचे, पक्षी नव्हे, फुलपाखरं. मुलुंडच्या डोंगरावर त्यांनी सहा वर्षांत त्र्याऐंशी जाती नोंदवल्या होत्या. मंडईत त्यांना सगळे 'पाखरूवाले' म्हणत.

प्रेमाने त्यांना जुडी दाखवली. "भाऊ, भगव्या पाखराने घोळीवर अंडी घातली."

"रुईवरची प्लेन टायगर असणार," चंद्रप्रकाश म्हणाले. "चुकली असेल, ताई. शेजारी तुमची रुईची टोपली. वास तिकडचा, बसली इकडे."

"आई चुकते होय असं?"

"माणसं चुकतात, पाखरू का चुकणार नाही?" ते हसले, मेथीची जुडी पिशवीत टाकून निघून गेले.

प्रेमाला ते पटलं नाही. रुईच्या टोपलीवरून ती सरळ पुढे गेली होती. चुकलेलं माणूस घुटमळतं. ही घुटमळली नव्हती.

जुडी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेली, बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचा तुकडा. चौथ्या दिवशी अंड्यांतून दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या निघाल्या. आठवड्याभरात त्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या, आणि त्या बघून लवूने जेवणाचं ताटच मागे सरकवलं.

"ह्यां काय हाडलंस गो घरात? काटेरी काळे अळये! अंगाक लागले तर खाज सुटात!"

"सुटली नाय अजून. मी रोज हात लावतंय."

"तुका येड लागला."

"तुमी गप रवा हो. जेवा."

तिला खरोखरच वेड लागलं होतं. कारण या अळ्या काळ्या होत्या, अंगभर फांदीदार काट्यांच्या, डोकं तांबूस आणि डोक्यावर दोन काटेरी शिंगं. रुईवरच्या पट्टेवाल्या गुळगुळीत अळीशी त्यांचं नावालाही साम्य नव्हतं. आई मात्र तीच, भगवी. एकाच रंगाच्या आईची दोन तऱ्हांची पोरं कशी?

तिने करून बघितलं. काळ्यांच्या बरणीत रुईचं कोवळं पान टाकलं. त्या त्याच्यावरून चालत गेल्या, तोंडसुद्धा लावलं नाही. रुईवरची एक पट्टेवाली आणून तिला घोळ घातली. ती दिवसभर बरणीच्या काचेवर फिरत राहिली; संध्याकाळी रुई मिळाल्यावर अशी तुटून पडली की प्रेमालाच तिची दया आली. दुसऱ्या दिवशी मंडईत बसताबसता तिने शकुला सांगितलं, "दोन वेगळ्या आया आहेत. आपल्याला एकसारख्या दिसतात."

"मग व्हईनात का. रोज एक जुडी फुकट न्हेतीस, त्याचं बोल," शकु म्हणाली, पण त्या दिवसापासून ती जुडी बाजूला काढून ठेवायला लागली, आणि तिच्यात कोवळी पानं जास्त असायची.

आता प्रेमाची सकाळ बदलली. रुई खुडून झाली की ती तिथंच उकिडवी बसायची. पाऊस उघडल्यावर पहिल्या उन्हात ही पाखरं पंख पसरून वाळवत बसतात. तेव्हा त्यांना घाई नसते. वर्षानुवर्षं तिने ही भगवी पाखरं पाहिली होती, पण पानाकडे बघावं तसं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आता ती पानाकडे बघावं तशी बघू लागली. पुढचे पंख सगळ्यांचे सारखे. भगवा, काळं टोक, पांढरा पट्टा. मग तिने मागच्या पंखांकडे नजर वळवली.

पहिल्या पाखराच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके होते. दुसऱ्याच्याही तीन. तिसऱ्याच्या चार, त्यातला चौथा जरा मोठा, मध्ये पांढुरका. मग पुन्हा तीन. प्रेमा माळेतली पानं मोजावीत तशी मोजत होती. तीन, चार, तीन, तीन. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी, रुईपासून लांब, पायवाटेच्या कडेच्या ओल्या मातीवर एक पाखरू पंख पसरून बसलेलं दिसलं. ती रांगत त्याच्याजवळ गेली. गुडघे चिखलात.

मध्ये काहीच नव्हतं.

भगवा मागचा पंख, मधोमध कोरा. वरच्या कडेला, जिथं तो पुढच्या पंखाखाली जातो, तिथं एकच काळा ठिपका. पंखाची बाहेरची कडही वेगळी. टायगरची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ. हिची बारीक दातेरी, उसवल्यासारखी.

 प्रेमाला ओरडावंसं वाटलं, पण पाखरू उडेल म्हणून तिने तोंडावर हात धरला, आणि तोंडात रुईचा चीक गेला. थुंकत, हसत ती टोपली डोक्यावर घेऊन मंडईत आली ती जवळजवळ पळतच. वाटेत वाण्याकडून पुडीचा कागद आणि चिमूटभर हळद मागून घेतली. त्यावर हळदीने पंख रंगवले आणि कोळशाने ठिपके काढले. एक तीन ठिपक्यांचं, एक चार ठिपक्यांचं आणि एक कडेला एकाच ठिपक्याचं.

त्या दिवशी ती दुपारी उठलीच नाही. संध्याकाळी चंद्रप्रकाश आले, तेव्हा तिने तो कागद त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तिन्ही चित्रांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"वीतभर अंतरावरून."

"एकच ठिपका? नक्की? मध्ये अजिबात नाही?"

"भाऊ, मी दिवसाला पाचशे पानं बघते. मला भोक आणि ठिपका कळत नाही होय?"

चंद्रप्रकाश कागद उन्हात धरून बघायला लागले. "ताई, मी सहा वर्षं दुर्बिणीतून लांबून बघतो. भगवं दिसलं की प्लेन टायगर लिहून मोकळा होतो. मागचा पंख कधी मोजलाच नाही. एका पुस्तकात असं एक चित्र बघितल्याचं अंधुक आठवतंय. पुस्तक फोर्टच्या लायब्ररीत आहे. शनिवारी मला अर्धा दिवस असतो. जाऊन बघतो. तोपर्यंत त्या अळ्यांना जपा. काय वाट्टेल ते करा, पण जपा!"

"जपतेच आहे," प्रेमा म्हणाली. "पण आमचं सोमवारचं गावचं तिकीट आहे. गणपती."

अळ्यांनी तोवर कोश केले होते. बरणी अपुरी पडल्यावर प्रेमाने त्यांना जेवण झाकायच्या जाळीच्या झाकणाखाली ठेवलं होतं; तिथं सहा खडबडीत, तपकिरी कोश उलटे लटकत होते. लवूने ट्रंक काढली, कपडे भरायला घेतले. चतुर्थी चार दिवसांवर आली होती. गावच्या घरचा गणपती चुकवायचा हा विषयही त्या घरात निघू शकत नव्हता. प्रेमा दर अर्ध्या तासाने झाकणाशी जाऊन बसायची.

"बाहेर या रे बाबांनो," ती म्हणायची. "सोमवारच्या आत या."

शनिवारी पहाटे ती रुईला निघायच्या तयारीत होती. सवयीने झाकणाकडे बघितलं. एक कोश फुटला होता आणि त्याच्या सालपटाला धरून एक पाखरू ओले पंख खाली सोडून लटकलं होतं. प्रेमाने कंदील जवळ नेला, आणि तिचा चेहरा पडला.

पाखरू काळं होतं.

काळंकुळकुळीत. दोन्ही बाजूंना मिळून सहा पांढरे गोल. पंख हलला की त्या गोलांच्या कडेने जांभळी चमक फिरायची. बघणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं असं देखणं. पण भगवं नव्हतं. भगव्याचा थेंबसुद्धा नव्हता त्यात.

"वाट लागली," ती खाली बसली. "महिना फुकट गेला हो."

लवू डोळे चोळत उठला. "काय झाला?"

"दुसरीच अळी वाढवली मी. शकुच्या रोजच्या जुडीतून आली असेल कुठली तरी. भगव्याच्या अंड्यांचं काय झालं कोण जाणे."

मंडईत तिने तोंड उघडलं नाही. शेवटचा श्रावणी शनिवार होता, रांग लागली होती. शकुने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा प्रेमा फणकारली, "तुझ्या भाजीतून आली ती काळी!"

"आता बया! महिनाभर फुकट घोळ खाल्ली, आन आता माझ्याच भाजीला नावं?" शकु उखडली. दुपारपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. उठताना मात्र शकुने न बोलता घोळीची जुडी प्रेमाच्या टोपलीत टाकली. प्रेमाने ती काढून परत केली नाही.

रविवारी सकाळी प्रेमा नळावर होती. लवू घरात ट्रंकेला कुलूप घालत होता. एकाएकी त्याचा आवाज सगळ्या चाळीत घुमला.

"प्रेमा! गो प्रेमा! धाव गो! भगव्या इला! भगव्या भायर इला!"

प्रेमा हंडा तसाच टाकून धावली. मागोमाग चाळीतल्या चार बायका धावल्या, कारण लवू घाडी इतक्या जोराने बोललेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. जाळीच्या झाकणात, कालच्या काळ्याच्या शेजारी, दुसऱ्या कोशाला धरून एक भगवं पाखरू पंख उलगडत होतं. हळूहळू, सुरकुती सुरकुती सुटत. टोकाला काळं. काळ्यात पांढरा पट्टा. लवू गुडघ्यावर बसून बोट दाखवत होता.

"ठिपको मोज! ठिपको!"

"उघडू दे पंख पुरते," प्रेमा म्हणाली.

पंख उघडले. मधोमध कोरा. वरच्या कडेला एक.

"एकच," लवू म्हणाला, जणू तो त्यानेच तिथं लावला होता.

प्रेमा रडत होती की हसत होती हे बायकांना कळेना. दुपारपर्यंत आणखी तीन कोश फुटले. दोन काळी, एक भगवं. भगव्याचा पुन्हा कडेला एकच ठिपका. म्हणजे काळी ही पाहुणी नव्हती. सहाच्या सहा अळ्या एकसारख्या होत्या, तिने त्या रोज मोजल्या होत्या, रोज हाताळल्या होत्या. एकाच आईची पोरं, आणि काही काळी, काही भगवी. तिचं डोकं गरगरलं. मग ते थांबलं, आणि जे राहिलं ते इतकं साधं होतं की तिने लवूचा दंडच धरला.

"अहो, काळे ते बाप्ये!"

दीड वाजता चंद्रप्रकाश चाळीचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले. अंगावर घामाने चिकटलेला शर्ट, हातात गुंडाळी केलेला ट्रेसिंग पेपर. दारातूनच ते बोलायला लागले, "ताई, सापडलं! डॅनेड एगफ्लाय! तिची मादी प्लेन टायगरसारखी दिसते, अगदी हुबेहूब, फक्त मागच्या पंखावर..."

"एक ठिपका, कडेला," प्रेमा म्हणाली.

"हो! आणि गंमत पुढेच आहे. नर कसा असतो माहीत आहे? तुम्ही विश्वासच ठेवणार नाही. नर असतो..."

प्रेमाने जाळीचं झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. "काळा. सहा पांढरे गोल. जांभळी कड."

चंद्रप्रकाशनी झाकणात पाहिलं. हातातली गुंडाळी सुटली आणि लादीवर उलगडली. कागदावर पेन्सिलीने उतरवलेलं चित्र आणि झाकणातली पाखरं, दोन्ही एकमेकांशेजारी. ते तिथंच जमिनीवर बसले. लवूने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायचं विसरून.

"मी याला बघितलंय," ते शेवटी म्हणाले. "या काळ्याला. किती वेळा! लांबून बघून ग्रेट एगफ्लाय म्हणून लिहिलंय. तोही काळा असतो, पांढऱ्या-निळ्या डागांचा. म्हणजे बघा ताई, नवऱ्याला एका खोट्या नावाने लिहिलं, बायकोला दुसऱ्या खोट्या नावाने लिहिलं, आणि सहा वर्षं वहीत ही जात नाहीच!" आणि ते असे हसत सुटले की चाळीतल्या बायकाही हसल्या, काही न समजता.

मग त्यांनी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. टायगरमध्ये तीन ठिपक्यांची मादी, चार ठिपक्यांचा नर. रुईचा चीक खाऊन वाढलेली टायगर कडू असते, विषारी. पक्षी एकदा चोच मारतो, थुंकतो, आणि पुन्हा त्या भगव्या रंगाच्या वाटेला जात नाही. घोळीवरची मादी बिचारी विषारी नाही. ती फक्त टायगरचे कपडे घालून हिंडते.

"बिचारी कसली," प्रेमा म्हणाली. "हुशार आहे. रुईचा चीक मी चाखलाय. पक्ष्याचं चुकत नाही."

चार वाजता सगळ्यांनी मिळून पाखरं डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडली. लवू सर्वांत पुढे, झाकण दोन्ही हातांनी छातीशी धरून. सहावा कोश तेवढा फुटला नव्हता. सोमवारी पहाटे एसटीच्या थांब्यावर जायच्या आधी प्रेमाने वाट वाकडी केली आणि तो बरणीत घालून शकुच्या दाराशी नेऊन दिला.

"मी न्हाय सांभाळायची असली ब्याद," शकु म्हणाली आणि बरणी घेतली.

गौरी-गणपती आटोपून प्रेमा परतली, तेव्हा ती मंडईच्या तोंडाशी येते न येते तोच शकु भाजी टाकून उठली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "प्रेमे! मुलगी झाली!"

"ठिपका मोजलास?"

"एकच! कडंला! मी तिला हातावर घिऊन सोडली. धा मिन्टं बसली हातावर, उडंना!"

चंद्रप्रकाशच्या पाखरं बघणाऱ्या मंडळींचं एक चार पानी चक्रमुद्रित पत्रक निघायचं. ऑक्टोबरच्या पत्रकात मुलुंडची चौऱ्याऐंशीवी जात छापून आली, आणि खाली ओळ होती: 'श्रीमती प्रेमा लवू घाडी यांनी अंड्यापासून वाढवून ओळख पटवली.' लवूने तो कागद कारखान्यात नेला आणि त्यावर तेलाचा अंगठा उमटवून परत आणला.

पत्रक वाचून घाटकोपरचे धोंडिराम सर आले. शाळेत चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, ताठ, हातात पाखरं पकडायची लांब दांड्याची जाळी. दहा-बारा माणसं रविवारी डोंगराशी जमली होती. सर सरळ प्रेमाला म्हणाले, "बाई, कोश फुटल्यावर ओळखणं वेगळं. पाच पावलांवरून, झाडावर बसलेलं पाखरू बघून सांगाल? मी पकडून तपासणार."

"सांगेन की," प्रेमा म्हणाली.

घाणेरीला फुलं आली होती आणि पाखरं गर्दी करून होती. प्रेमा पुढे, सर जाळी घेऊन मागे. "ती वरची, टायगर, बाई. तीन ठिपके." जाळी पडली. सरांनी पंख अलगद उघडले. तीन. सोडलं. "तो टायगरच, बाप्या. चौथा ठिपका आहे." जाळी. चार. "ती खालची, जमिनीलगत... ती घोळीची!" जाळी. एक ठिपका, कडेला. आता मागची माणसं ओरडायला लागली. "टायगर. टायगर. घोळीची. टायगर बाप्या." सहा झाली, दहा झाली, चौदा झाली. एकही चुकलं नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सरांनी मागे वळून बघितल्यावर थांबवल्या. पंधराव्याला प्रेमा थांबली.

"हिचं सांगत नाही."

"का?"

"मागचे पंख अर्धे फाटलेत. ठिपके होते ते गेले. उगाच कशाला बोलू?"

सरांनी ते पाखरू पकडलं. खरंच मागचे दोन्ही पंख पक्ष्याने तोडलेले. त्यांनी ते प्रेमाच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिकवणाऱ्या माणसाचा झाला. "पंख गेले तर अंग बघा. छाती काळी, तिच्यावर पांढऱ्या टिकल्या, दिसतात? डोक्यावरही. ही टायगर. घोळीचीचं अंग साधं असतं, टिकल्या नाहीत."

"अंग!" प्रेमा म्हणाली. "अंग मी बघितलंच नाही कधी!"

"मी चाळीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले, "पण पंधरावं सांगत नाही म्हणणारा विद्यार्थी मला फारसा मिळाला नाही." मग त्यांनी जाळी खांद्यावर टाकली आणि विचारलं, "काळी-लाल ओळखता का?"

काळी-लाल बघायला नोव्हेंबरात सगळी मंडळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेली. शकुही आली. कशी आली ते तिलाच ठाऊक. म्हणाली, बघू तरी काय येवढं बघतात. नवी जरीकाठी नेसली होती आणि चपलांना वाटभर शिव्या देत होती. वाटेत धोंडिराम सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं: लाल ठिपक्यांची, शेपट्यांची दोन काळी पाखरं अगदी एकसारखी दिसतात. एक विषारी, कॉमन रोझ. दुसरी तिची नक्कल करणारी, कॉमन मॉरमॉनची मादी, जी कढीपत्त्यावर अंडी घालते. दोघींच्या मागच्या पंखावर पांढरा डाग आणि लाल ठिपके. फरक अंगाचा: रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं.

नाल्याच्या वळणावर एक काळं पाखरू उतरलं आणि फुलावर पंख थरथरवत राहिलं. सगळे थबकले. चंद्रप्रकाशनी दुर्बीण लावली. प्रेमा पुढे वाकून पांढरे डाग मोजायला लागली, लाल ठिपके मोजायला लागली. एक, दोन, तीन. पाखरू सारखं हलत होतं, मोजणी चुकत होती. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

"आगं मोजतीस काय येडे," मागून शकुचा आवाज आला. "आंग बघ की, आंग! काळं हाय आंग! लाल न्हाय! माझ्या कढीपत्त्याचीच हाय ती!"

पाखरू फुलावरून उठलं, सगळ्यांच्या डोक्यावरून एक गिरकी घेतली. उन्हात क्षणभर त्याचं पोट दिसलं. काळं, साधं, लालाचा कण नाही. सरांनी जाळी उचललीसुद्धा नाही.

"बरोबर," ते म्हणाले.

शकुने जरीचा पदर खोचला. प्रेमाने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती नाल्यात पडता पडता वाचली, आणि दोघी एकमेकींना धरून, पोट दुखेपर्यंत, तिथंच भर वाटेवर हसत सुटल्या.